पंखवाल्या बोकडाला चिंच

ओमानमधल्या रुस्ताकच्या बाजारात, जुन्या वस्तूंच्या दुकानाबाहेर तिथला नोकर स्टुलावर बसून काशाचा एक तुकडा चिंचेच्या कोळाने घासत होता. साठीचा, बोलण्यावरून रत्नागिरीकडचा. जिभेचं टोक दातांत धरून घासायची सवय. तुकडा जुन्या इराणातला, घोड्याच्या लगामाला गालाशी लावायचा; त्यावर पंखवाला बोकड. बोकड अर्धा हिरवा, अर्धा लख्ख.

जाता जाता थांबून मी म्हणालो, "चाचा, थांबा! हा हिरवा थर म्हणजेच त्याचं वय. तो गेला की गिऱ्हाईक याला नकली समजेल."

"तुला काय म्हायती?"

"इतिहासात बीए आहे. आमच्या घरातला पहिला." हे मी कुठेही सांगतो, त्यात लाजायचं काय?

त्याचा हात थांबला. "कळकलेलं भांडं आमच्यात पाहुण्यासमोर ठेवत नाय रे. अर्बाबनं, मालकानं, नुसतं पुसाया सांगितलेलं. आता माझी नोकरी खलास."

तुकडा उलटा करून ठेवला असता, तर निदान त्या दिवशी कुणाला कळलं नसतं. पण तो उठला आणि स्वतःच आत घेऊन गेला; मी दारातून बघत होतो.

"अर्बाब, मेरे हाथ से बिगड गया."

ओमानी मालकाने तुकडा उजेडात धरला. "इमली किसने बोला?"

"माँ ने."

मालकाने बोकड कपाटात ठेवून कुलूप लावलं आणि काळवंडलेल्या पितळी कॉफीच्या किटल्या पुढ्यात मांडल्या. "यल्ला, चलो. माँ का काम इस पे करो."

तो पुन्हा स्टुलावर येऊन बसला. पहिली किटली उचलून माझ्याकडे बघत म्हणाला, "ह्या तरी घासू ना, बीए?"