कुणी हात करू नये अशी गाडी

"मावशी, मला अशी गाडी चालवायचीय, जी बघून कुणी हात करणार न्हाई," भुजंग एकदा म्हणाला होता, आणि धुरपताबाईंना तेव्हा त्यातलं काही म्हणता काही कळलं नव्हतं.

तेव्हा तो परभणी-सोनपेठ एस.टी.वर ड्रायव्हर होता. सोनपेठच्या स्टँडवर गाडी वीस मिनिटं थांबायची. बाकीचे ड्रायव्हर चहाला जात. हा पंधरा दिवसांतून एकदा धुरपताबाईंच्या घरी यायचा. यायला तीन मिनिटं, जायला तीन. उरलेली चौदा मिनिटं कडब्याच्या शेडमधल्या जुन्या हेरल्ड मोटारीची.

ही गाडी धुरपताबाईंच्या मालकांनी, माणिकरावांनी, हैदराबादेहून आणलेली. दोनच दारं, रंग पिकल्या लिंबाचा. बोनेट उघडायचं म्हटलं की गाडीचं अख्खं तोंडच पुढं झुकायचं, म्हैस पाण्याला वाकावी तसं. माणिकराव गेले आणि गाडी थांबली. अकरा वर्षं धुरपताबाई दसऱ्याला तिला झेंडूचा हार घालत आल्या. अकरा वर्षं भुजंग येऊन इंजिन चालू करायचा, कान देऊन ऐकायचा, बंद करायचा आणि किल्ली स्वयंपाकघरातल्या खिळ्याला अडकवून निघायचा. चालवू का, असं त्यानं एकदाही विचारलं नाही. धुरपताबाईंना याचंच कोडं होतं. वाढलेल्या ताटाचा नुसता वास घेऊन उठणारा हा कसला माणूस?

यंदा जूनमध्ये भुजंग रिटायर झाला. दसऱ्याला धुरपताबाईंचा मुलगा आदिनाथ पुण्याहून आला, तो ठरवूनच.

"माय, सोमवारी पुण्याचा एकजण ट्रक घेऊन येतोय. जुन्या गाड्यांचा लय शौकीन हाय. काचेच्या खोलीत ठिवणार हाय आपली हेरल्ड."

"चालवणार न्हाई?"

"असल्या गाड्या चालवत नसतेत. बघत असतेत."

धुरपताबाईंनी भुजंगला फोन लावला. तो दुपारच्या बसनं आला, उतारू म्हणून. अंगात इस्तरीचा निळा शर्ट होता. खाकीशिवाय त्यांनी त्याला पहिल्यांदाच पाहिलं.

"फाट्यापर्यंत ने," त्या म्हणाल्या. "मी मागं बसते." पुढची सीट दुमडून, पदर सावरत त्या मागं शिरल्या.

हेरल्ड गल्लीतून निघाली तशी माणसं जागच्या जागी थबकली. टपरीवरच्या एकाचा चुना मळणारा अंगठा तळहातावर तसाच राहिला.

"बघा मावशी, एकानंबी हात केला न्हाई!" भुजंगचा आवाज कोवळा झाला होता. त्याचं ते जुनं वाक्य धुरपताबाईंना आता कळलं. जन्मभर ज्याच्यापुढं रस्त्यानं नुसते हात उभे केले, त्याला एकदा बिनहाताचा रस्ता हवा होता.

गाव मागं पडलं. पुढं एक निंबाचं झाड आलं, एस.टी.चा थांबा. झाडाखाली चिटपाखरू नव्हतं. तरी गाडी हळू झाली, कडेला उतरली आणि थांबली.

"काय झालं रे?"

"काय न्हाई."

पण गाडी हलेना. गिअर पडलेला, पाय क्लचवर, नजर समोर. मान तेवढी जराशी मागं कललेली. धुरपताबाई त्या कललेल्या मानेकडं बघत राहिल्या. हा कशाची तरी वाट बघत होता. मग त्यांच्या ध्यानात आलं. त्यांनी हातातल्या पाटलीनं पत्र्यावर दोनदा वाजवलं, गाडी सोडायला कंडक्टर घंटी मारतो तसं. टण्ण, टण्ण.

गाडी निघाली. भुजंगला त्यातलं काहीच जाणवलं नव्हतं.

पुढच्या थांब्यावर पुन्हा तेच. पुन्हा पाटली. फाट्यावर वळून परत निघाले, तर मिरच्यांचं गाठोडं घेऊन उभ्या असलेल्या एका बाईनं हात केला. ब्रेक त्याआधीच लागला होता.

"सोनपेठला जाती का?"

"ही काय यष्टी हाय का बाई?" धुरपताबाई आतून म्हणाल्या.

"मंग थांबली कशाला?"

बाई गाठोडं मांडीवर घेऊन पुढं बसली आणि निवांत झाल्यावर तिनं विचारलं, "तिकीट कोण फाडतंय?" भुजंगचे कान लाल झाले.

घरी आल्यावर त्यानं किल्ली खिळ्याला अडकवली आणि स्वयंपाकघरातच पाटावर बसला. धुरपताबाईंनी चहा ठेवला. आदिनाथ दारात उभा राहिला.

"मामा, माय म्हणते तुमाला द्यायची. सोमवारवाल्याला नको म्हणून कळवू का? घेताव का न्हाई, एकदाचं सांगा."

भुजंग कपात बघत होता. आपल्याच पायांत एस.टी. बसलीय हे आज कळल्यासारखा. धुरपताबाईंना त्याची कीव आली नाही, नवल वाटलं. कुणी हात करणार नाही अशी जागा आहे, ती पुण्यातली काचेची खोली. तिथं गाडी उभी राहील आणि कुणाला कुठं जायचं नसेल.

"मामा, बोला की," आदिनाथ म्हणाला.

"त्याला इचारू नको," धुरपताबाई म्हणाल्या, आणि चहाच्या चमच्यानं पातेल्याच्या काठावर दोनदा वाजवलं.

भुजंगची मान आपोआप सरळ झाली. आवाज कुठून आला ते त्यानं या वेळी वळून पाहिलं. चमच्याकडं, मग धुरपताबाईंच्या हातातल्या पाटलीकडं. मग कप खाली ठेवून तो उठला, खिळ्यावरची किल्ली काढली आणि गाडीकडं निघाला.