कोपरा फाटलेलं पाकीट

१९५५च्या जुलैत, एका मंगळवारी दुपारी, आमच्या घरातल्या चौघांनी आणि एका शेजाऱ्यानं मयताची आंघोळ केली. कोण मेलं हे पाचांपैकी कुणालाच माहीत नव्हतं.

मी त्या वेळी पिंपरीतल्या एका नव्या कारखान्याच्या प्रयोगशाळेत कामाला होतो. घर चिखलीपासून कोसभर पुढं. वडील मी लहान असतानाच गेले होते. घरात थोरले काका, काकू, आई आणि विधवा आत्या. मी पहिल्या पाळीला गेलो होतो. पाळी तीनला सुटे. तोवर काय घडलं ते मी नंतर चौघांना वेगवेगळं विचारून घेतलं आहे. मुख्य गोष्टींत त्यांचं एकमत आहे.

अडीचच्या सुमारास शेजारी म्हशी घेऊन रस्त्यानं येत होता. गावातलं टपाल शाळेतच येई आणि गुरुजी ते जाणाऱ्या-येणाऱ्याच्या हाती देत. शेजाऱ्याच्या हाती त्यांनी एक निळं पाकीट दिलं होतं. अर्ध्या वाटेवर त्यानं ते नीट पाहिलं आणि तो बांधावरच थांबला. पाकिटाचा वरचा कोपरा फाटलेला होता.

आमच्याकडं मरणाची बातमी कळवणाऱ्या कार्डाचा कोपरा फाडून मगच ते टपालात टाकतात. असं कार्ड हाती पडलं की वाचायच्या आधीच कळतं. ते उंबऱ्याच्या आत आणत नाहीत. बाहेरच वाचायचं, फाडून टाकायचं आणि अंगावरच्या कपड्यांनिशी आंघोळ करायची. त्या दिवशी चूल पेटत नाही. शेजारी पिठलं-भाकरी आणून देतात.

शेजाऱ्यानं बांधावरूनच हाक मारली, "आत्याबाई, जरा भाईर या. एकल्याच या."

आत्या बाहेर आली. तिनं कोपरा पाहिला आणि हंबरडा फोडला. मग विचारलं, "कोन गेलं?"

"म्या काय वाचलंय व्हय? इंग्रजी हाय."

गुरुजींचं इंग्रजी पत्ता वाचण्यापुरतं होतं आणि घरात इंग्रजी वाचणारा मी एकटा. पाकिटावरचं नावही माझंच होतं, पण ते इंग्रजीत असल्यामुळं तेही कुणाला कळलं नाही. आत्यानं निर्णय दिला की आंघोळ आधी, नाव मागनं. बातमी कानावर आली म्हणजे विटाळ लागला. पाचही जणांनी विहिरीवर आंघोळ केली. काकांनी ओल्या धोतरावरच सायकल काढली आणि पाकीट घेऊन ते मला शोधायला पिंपरीला निघाले. ते भोसरीच्या बाजूनं गेले. मी नेहमीप्रमाणं शेतातल्या वाटेनं घरी येत होतो. आमची चुकामूक झाली.

मी चारला पोचलो तेव्हा अंगणात दहा-बारा बाया बसल्या होत्या आणि मयत कोण याची चौकशी जोरात चालू होती.

"खेडच्या आत्तीबाई आसतील. लई दिस खोकत हुत्या."

"त्यांनी काल खरवस धाडलाय. म्हस व्याली त्यांची."

"तळेगावचं पावनं?"

"त्ये परवा चाकणच्या बाजारात बैलाचं दात मोजत हुतं. मी ह्या डोळ्यांनी बघितलं."

अशी एकेका नातेवाइकाची जिवंत असल्याची साक्ष निघत गेली. मी पोचेपर्यंत संशय दोघांवर येऊन थांबला होता: मुंबईच्या गिरणीतला एक मावसचुलता आणि नाशिककडचे एक व्याही. अडचण अशी की दोघांशीही घराचं पटत नव्हतं, त्यामुळं कुणाला नीट रडू येईना.

"कोन का आसंना," आत्या म्हणाली, "रडून घ्या. मागनं कमी पडाया नगं."

मी आईला विचारलं, "पाकीट कसलं होतं?"

"निळं. पातळ. इलायतीवानी."

इथं एक गोष्ट सांगायला हवी. त्या आधी दहा आठवडे मी इंग्लंडमधल्या एका विद्यापीठाला रसायनशास्त्राच्या पुढच्या शिक्षणासाठी अर्ज केला होता. आमच्या प्रयोगशाळेचे मुख्य तिथंच शिकलेले होते. फॉर्म त्यांनी मागवला, शिफारसही त्यांनी लिहिली. प्रयोगशाळेत हाताखाली काम करायचं आणि त्या बदल्यात फी माफ, अशी एकच जागा होती. दुसरीकडं अर्ज करण्याची माझी ऐपत नव्हती. घरी मी काही बोललो नव्हतो, कारण आमच्या गावात ठरायच्या आधी सांगितलेली गोष्ट मोडली, तर ती जन्मभर ऐकून घ्यावी लागते. दहा आठवडे उत्तर नाही म्हटल्यावर मी वाट बघणं सोडलं होतं.

निळं, पातळ, विलायती. मला हसू फुटलं. मी तोंडावर हात ठेवला तरी ते आवरेना. बारा बाया रडायच्या थांबल्या आणि माझ्याकडं पाहू लागल्या.

"मयताच्या घरात हसतूस?" आत्यानं माझ्या पाठीत एक धपाटा घातला.

"आत्या, ते मयताचं नाही. माझं पत्र आहे ते. कुठंय?"

"काका घिऊन गेल्यात तुज्याचकडं."

आत होकार होता की नकार, ते अजून कळायचं होतं. मी आलो तसा सायकलवर बसलो. वाटेत चिखलात दोनदा घसरलो. दोन्ही वेळा मी हसतच उठलो, हे मला चांगलं आठवतं.

कारखान्याच्या फाटकाशी गर्दी होती. दरवानानं मला लांबूनच हात केला. "लवकर या राव, तुमचे काका साहेबांना मारतायत."

झालं होतं ते असं. काकांनी दरवानाला पत्र दाखवलं, पण फाटकाच्या आत पाऊल टाकायला नकार दिला. असला कागद परक्याच्या दारात न्यायचा नसतो. मी घरी गेल्याचं कळल्यावर त्यांनी इंग्रजी येणारा माणूस बाहेर बोलवायला सांगितलं. प्रयोगशाळेचे मुख्य, आमचे साहेबच, बाहेर आले. ते म्हैसूरकडचे, मराठी त्यांना येत नव्हती, हिंदी बेताची. पाकिटावर माझं नाव आणि विद्यापीठाची खूण बघून त्यांनी ते उघडलं, उभ्याउभ्या वाचलं, आणि काकांचे दोन्ही हात धरून जोरजोरात हलवले. "बहुत अच्छा! बहुत अच्छा!"

मी पोचलो तेव्हा काकांनी धोतराचा काचा मारला होता आणि साहेब दरवानाच्या मागं उभे होते.

"आमच्या घरचं मानूस मेलंय," काका गर्दीला सांगत होते, "आन् ह्यो मानूस बहुत अच्छा म्हनतो!"

"काका, कुणी मेलेलं नाही."

"न्हाई?"

"नाही. मला बोलावलंय. इंग्लंडला, शिकायला. साहेब त्याचंच अभिनंदन करतायत."

काका खाली बसले. "कोनबी न्हाई?"

"कुणीही नाही."

"मुंबईचा?"

"तोही नाही."

"नाशिकचा?"

"नाही."

मग त्यांचे खांदे हलू लागले. ते रडतायत असं मला वाटलं. ते हसत होते. दरवान हसला, जमलेली माणसं हसली, आणि आता मारामारी होणार नाही अशी खात्री झाल्यावर साहेबही हसले.

साहेबांनी पत्र माझ्या हातात दिलं. जागा मला मिळाली होती. पण पत्र वाटेत फार रेंगाळलं होतं. लेखी स्वीकृती महिनाअखेरपर्यंत त्यांच्याकडं पोचायला हवी होती, नाहीतर जागा यादीतल्या पुढच्या उमेदवाराला जाणार होती. पाच दिवस उरले होते. विमानाचं टपालही तेवढ्यात पोचलं नसतं. साहेब म्हणाले, तार करू. आत्ताच, माझ्या गाडीतून पुण्याला जाऊ.

मी काकांकडं पाहिलं. घरातला शब्द त्यांचा होता.

"किती दिस?" काकांनी विचारलं.

"दोन वर्षं."

"लांब हाय?"

"बोटीनं वीस दिवस."

काकांनी धोतर पिळलं. "आज दुपारी घरातलं एक मानूस कायमचं गेलं हुतं. त्ये परत आलं. आता दुसरं दोन वर्सांसाठी जातंय तर कुनाचं काय बिघडलं? जा. पर आईला तू सांग."

साहेबांच्या गाडीत काका मागं बसले. कासारवाडी ओलांडेपर्यंत ते मधूनमधून "बहुत अच्छा" म्हणून हसत होते. पुण्याच्या तार ऑफिसात मी मजकूर लिहिला: जागा स्वीकारतो. काकांनी तो वाचून घेतला आणि हरकत काढली.

"तार म्हंजी मरनाचीच. त्यास्नी वाटंल हिकडं कोन गेलं. खुशाली लिव्ह."

"काका, विद्यापीठ आहे ते. आपले पाहुणे नाहीत."

"मानसं हायती का न्हाई तितं? मग लिव्ह."

खिडकीतल्या कारकुनाला हे पटलेलं दिसलं. तो म्हणाला, "लिहा हो, लिहा. वडीलधारे सांगतायत." तार गेली ती अशी: जागा स्वीकारतो, इकडील सर्व खुशाल. उत्तर कारखान्याच्या पत्त्यावर मागवलं.

दिवेलागणीला आम्ही घरी आलो. बाया होत्या तिथंच होत्या. शेजारणींकडून पिठलं-भाकरी आली होती. आई उठून पुढं आली.

"कोन गेलं?"

"कुणी नाही. मी जाणार आहे. इंग्लंडला, दोन वर्षं. काका हो म्हणालेत."

आईनं माझ्याकडं पाहिलं, काकांकडं पाहिलं. काकांनी मान हलवली. तिनं पदरानं डोळे पुसले आणि आत्याला विचारलं, "मग चूल पेटवू का?"

असा प्रसंग पूर्वी घडलेला नसल्यामुळं आत्याला विचार करावा लागला. शेवटी तिनं सांगितलं की आंघोळ केली ती केली, तिला काही दोष नाही. पिठलं परत धाडायचं नसतं, तेही खायचं; आणि आनंदाचं म्हणून चूल पेटवून शिराही करायचा. दोन्ही एकाच पंगतीत वाढलं. रडायला आलेल्या सगळ्या बाया जेवून गेल्या.

कोपरा गुरुजींनी फाडला होता, हे दुसऱ्या दिवशी त्यांनीच कबूल केलं. त्यावर राणीचं तिकीट होतं आणि चौथीला भूगोल चालू होता. "पण आत्याबाई," ते म्हणाले, "ते पाकीट होतं. मयताचा कोपरा कार्डाचा फाडतात."

"आमाला वाटलं," आत्या म्हणाली, "इलायतेत कार्डं मिळत न्हाईत."

शुक्रवारी दुपारी दोनच्या सुमारास कारखान्यात उलट तार आली. स्वीकृती मुदतीत पोचली होती. जागा माझ्या नावानं राखली होती. सत्र ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात सुरू होणार होतं.