कूस धुवायला आलेली सून

ओशोग्बोच्या आमच्या एक्स-रे विभागात नळी घालते मी, पण टेबलावरची बाई सैल पडते ती माझी मदतनीस अबोसेडे हिच्या बोलण्यानं. औषधाची बाटली ती आधी मुठीत धरून कोमट करते; गार औषध आत गेलं की पोटात कळ उठते. नळी गर्भाशयाच्या तोंडाशी आली की म्हणते, "आता खोक बघू, बाय माझी, जोरात!" बाई खोकते आणि नळी अलगद आत सरकते. मग पडद्यावर औषध चढताना दिसतं. दोन्ही बाजूंच्या बीजनलिकांमधून ते पलीकडे सांडलं, की वाट मोकळी.

अबोसेडेची स्वतःची वाट मोकळी आहे, हे मी तीनदा पाहिलंय. तरी मूल नाही. आमच्याकडे बाईला पहिल्या पोराच्या नावानं हाक मारतात, तोवर सासरी ती इयावो, म्हणजे नवी नवरी. ही बिचारी लग्नाला दहा वर्षं होऊनही नवी नवरीच.

त्यात गावाच्या डोक्यात खूळ शिरलंय, की हे औषध कूस धुऊन काढतं. तपासणीनंतर एखादीला दिवस गेले की झालं, सगळ्या सासवा सुना घेऊन दारात!

परवा अबोसेडेची सासू, इया अकिन म्हणजे अकिनची आई, तिला घेऊन पुन्हा आली. सोबत दोन जावा आणि गरम अकाऱ्याचं, म्हणजे चवळीच्या वड्यांचं, टोपलं. साऱ्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "डॉक्टर, या वेळी स्वच्छ धुवा हां! मागच्या खेपेला घाई केलीत."

"भांडं आहे का ते?" मी म्हटलं.

बायका खिदळल्या. अबोसेडे मात्र आत जाऊन टेबलावर आडवी झाली. माझं डोकंच फिरलं. सासूला आत ओढून मी म्हणाले, "सून ठणठणीत आहे. आता मुलाला पाठवा."

म्हातारीनं दार लोटलं. तिचा आवाज एकदम खाली आला. "अकिनला वयात येताना गालगुंड झालं होतं. सूज खाली वृषणात उतरली. तेव्हाच डॉक्टरांनी मला सांगितलं होतं, याला मूल होणार नाही."

"मग हिला कशाला छळता?"

"आमच्या घराच्या आवारातल्या बायका बघतात ना, डॉक्टर. ही इथं येते तोवर माझ्या लेकाकडे कुणी बोट दाखवत नाही. ही गेली तर दुसरी आणीन. आई आहे मी."

मी संतापून टेबलाकडे वळले. "ऐकलंस, अबोसेडे? ऊठ. आजच्या आज माहेरी जा!"

ती दचकलीसुद्धा नाही. तिला हे ठाऊक होतं; कधीपासून, ते विचारायचं धाडस मला झालं नाही. बाजूची बाटली उचलून ती स्वतःच मुठीत कोमट करू लागली.

"गेले असते, डॉक्टर," ती म्हणाली. "पण ही खरंच दुसरी आणेल. आणि तिला या टेबलावर मलाच सांगावं लागेल, खोक बघू, बाय माझी."