उसने डोळे

माझ्या मुलीला चित्रकलेच्या शाळेत घालायचं की नाही, यावरून आमच्या घरी मागच्या हिवाळ्यात चांगलंच वाजलं. बायको म्हणत होती घाला, मुलगी म्हणत होती घालाच, आणि विरोधात मी एकटा, ज्याचं घर चित्रांवरच चालतं. बायकोला हे आयतं सापडलं होतं. "तुमचं पोट कशावर भरते मंग?" असं ती दिवसातून दोनदा तरी विचारायची. मी उत्तर देत नसे, कारण माझं पोट कशावर भरतं हे तिला पक्कं ठाऊक होतं.

रायपूरला बूढापाऱ्यात तलावाकडे जाणाऱ्या गल्लीत माझं फोटोचं दुकान आहे. पासपोर्टचं, लग्नाचं काम येतं, पण खरं काम गेलेल्या माणसांचं. माणूस जातो आणि तेराव्याच्या आत घरच्यांना मोठा फोटो हवा असतो. नेमकं तेव्हाच लक्षात येतं की बाबांचा धड एकही फोटो नाही. मग कुणाच्या तरी वरातीतला, अर्धा चेहरा दुसऱ्याच्या फेट्यामागे, असा काहीतरी माझ्या मोबाइलवर येतो. मी त्यातून माणूस कापून काढतो, अंगात कोट घालतो, मागे निळा रंग भरतो. डोळे मिटलेले असले की गिऱ्हाईक दारातूनच सांगतं, "भैया, बस आँख खोल देना." जशी काही खिडकीच उघडायची आहे.

डोळे उघडत नसतात. मिटलेल्या पापणीखाली कॉम्प्युटरला काही सापडत नाही. ते दुसरीकडून आणावे लागतात. त्याच माणसाचा दुसरा फोटो मिळाला तर उत्तम, नाहीतर भावाचे घ्यायचे, नाहीतर मुलाचे. एका आजोबांना मी नातवाचे लावले होते, भोवती सुरकुत्या ओढून. त्यांची बायको फोटोपुढे उभी राहून म्हणाली, अगदी असेच बघायचे. अगदीच कुणी नसलं तर माझे. रायपुरातल्या दोन-तीन घरांत हार घातलेल्या फोटोतून मीच बघतो आहे. कुणी विचारत नाही, मी सांगत नाही.

मुलीने असल्या कामाच्या वाटेला जाऊ नये, एवढंच माझं म्हणणं होतं. पण पोरीचा हात चांगला होता, हेही खोटं कसं बोलू? ती दुकानातल्या स्टुलावर बसून वहीत रेघोट्या मारत मोठी झाली. शेवटी बायकोने स्वतःच फॉर्म आणला आणि माझ्यापुढे ठेवला.

"एकदा पाहून त या," ती म्हणाली. "नाही आवडली त नका घालू. न पाहताच काहून नाही म्हणून राहिले?"

एका शनिवारी मुलीला स्कूटरवर मागे बसवून मी निघालो. शाळा अभनपूरच्या रस्त्याला, वस्ती संपल्यावर लागते. नववीपासून पुढची मुलं घेतात. सकाळी गणित, विज्ञान वगैरे, आणि दुपारभर नुसती चित्रकला. आम्ही पोचलो तेव्हा दुपारच होती. शाळा म्हटली की फाटकापासून कलकलाट ऐकू यायला हवा. इथे काहीच नव्हतं. व्हरांड्यातून जाताना उघड्या दारांतून मुलं दिसत होती, खाली मान घालून बसलेली, आणि कानावर फक्त कागदावर घासणाऱ्या पेन्सिलींचा आवाज. एकानेही मान वर केली नाही. मला ते आवडलं नाही. मुलीला फार आवडलं.

चित्रकलेच्या मुख्य बाई आपल्या खोलीत होत्या. पन्नाशीच्या आतबाहेरच्या, सुती साडी, बोटांना कोळशाची काळी पूड. प्रवेशाची परीक्षाही लगेच तिथेच व्हायची होती. तीन मडकी आणि एक कापड मांडून ठेवलं होतं, ते काढायचं. बाई माझ्याशी फॉर्मबद्दल बोलत होत्या आणि माझी नजर भिंतीवर गेली.

भिंतीवर एका आठ-नऊ वर्षांच्या मुलीचा फोटो होता. चंदनाचा हार घातलेला. असे फोटो लोक दारावर, उंच लावतात. हा खाली होता, खुर्चीत बसलेल्या माणसाच्या तोंडासमोर तोंड येईल इतका खाली. मागे निळा रंग. तो निळा माझा होता. आपण कालवलेला रंग माणूस ओळखतो. मग मी डोळे पाहिले. तेही मीच लावलेले होते.

चार वर्षांपूर्वी भनपुरीहून एक माणूस आला होता. ट्रान्सपोर्टच्या कामातला, गाडी उभी करून घाईघाईने आलेला. भाची तापाने गेली, म्हणाला. बहिणीला हाच फोटो हवाय, शेवटच्या वाढदिवसाचा. त्यात मुलगी तोंडभर हसत होती आणि डोळे गच्च मिटलेले होते. दुसरे फोटो त्याने पाठवले, पण ते इतक्यांच्या हातून फिरून आलेले की मोठे केले की डोळ्यांच्या जागी नुसते चौकोन. मी दोन दिवस झटलो. तिसऱ्या दिवशी माझ्या मुलीचा फोटो काढला, तीही तेव्हा नऊ वर्षांची होती, आणि तिचे डोळे तिथे ठेवून पाहिले. बसले. माझ्या मुलीच्या डाव्या डोळ्याच्या पांढऱ्या भागात तिळाएवढा तपकिरी ठिपका आहे, जन्मापासून. तो मी पुसला. पुसल्यावर डोळे काचेचे वाटायला लागले, म्हणून परत ठेवला. तेव्हा मला काहीच वाटलं नाही, हे सांगायला हवं. काम चांगलं झालं, एवढंच वाटलं.

"मेरी बेटी है," बाई म्हणाल्या. मी फोटोकडे बघतोय हे त्यांनी पाहिलं होतं. "थी," असं त्या म्हणाल्या नाहीत.

मग त्यांनी माझ्या मुलीला पहिल्यांदा नीट पाहिलं. ती मडक्यांसमोर पेन्सिलीला टोक काढत बसली होती. बाई तिच्याजवळ गेल्या. "बेटा, जरा इधर देखो." तिने मान वर केली. बाई कितीतरी वेळ तशाच उभ्या राहिल्या. मग वळून कपाट उघडलं आणि आतून रंगकामाचा एप्रन काढला, कडक इस्त्रीचा. एप्रनची चळत होती ती. सगळ्यात खाली अगदी छोटा, त्यावर जरा मोठा, त्यावर आणखी मोठा, आणि एकालाही रंगाचा डाग नाही. बाईंनी काढला तो सगळ्यात वरचा. त्यांनी तो स्वतः माझ्या मुलीला घातला, मागे गाठ मारली. मापाने शिवल्यासारखा बसला. शाळा नववीपासून सुरू होते, मग ते छोटे एप्रन कुणाचे, हा प्रश्न मला तिथेच पडला आणि उत्तरही तिथेच कळलं: गेलेल्या मुलीचे, दर वर्षी एक, वाढत्या मापाचे.

तासभर मुलगी मडकी काढत होती. बाई तिच्या कागदाकडे एकदाही बघायला गेल्या नाहीत. त्या समोर खुर्ची घेऊन बसल्या आणि तिच्या तोंडाकडे बघत राहिल्या. भिंतीवरून तेच डोळे मुलीच्या पाठीकडे बघत होते. वेळ संपल्यावर बाई मला म्हणाल्या, "सीट पक्की समझिए."

"पेपर तो देख लीजिए," मी म्हणालो.

"देख लूँगी."

घरी आल्यावर मी बायकोला सांगून टाकलं की शाळा नको. काहून, काहून म्हणून तिने माझा पिच्छा पुरवला, तेव्हा सगळं सांगावं लागलं. मला वाटलं होतं ती ओरडेल. ती खाली बसली.

"जित्या पोट्टीचे डोळे मेलेल्या पोरीले लावले तुम्ही," ती म्हणाली. "आपल्या पोट्टीचे."

मग उठून तिने मीठ, मोहरी आणि लाल मिरच्या मुठीत घेतल्या, मुलीवरून उतरवून गॅसवर जाळल्या. एवढ्या मिरच्या जळल्या की गल्लीला खोकला लागायला हवा. घरात कुणालाच ठसका आला नाही. दृष्ट असली की असंच होतं म्हणतात. मी या गोष्टी मानत नाही, पण त्या दिवशी खिडक्या बंद आहेत का उघड्या, हे मी दोनदा जाऊन पाहिलं. उघड्या होत्या, म्हणून धूर गेला असेल.

"नाही जाणार पोट्टी तिथं," बायकोने जाहीर केलं. तीन महिने माझ्याशी भांडून तिनेच शाळा ठरवली होती, आता तीही माझ्या बाजूला आली. मला जिंकल्यासारखं अजिबात वाटलं नाही.

मुलगी दारात उभी होती. आम्ही मराठीत बोललो तरी ती उत्तर हिंदीतच देते, लहानपणापासून. "मुझे पता है," ती म्हणाली. "फोटो में दाग दिख रहा था. मैं रोज आईने में अपनी आँखें बनाती हूँ, पापा. मैं नहीं पहचानूँगी?"

"मग आता कळलं ना काहून नाही म्हणतो ते," मी म्हणालो.

"मुझे वही स्कूल चाहिए." ती म्हणाली. "पर उसकी जगह पर नहीं. मैम को बता दो."

तिला मी पूर्वी कधीच घाबरलो नव्हतो. त्या दिवशी घाबरलो. गप्प बसलो तर मुलीला हवी ती शाळा मिळत होती, पण तिथे तिला चार वर्षं दुसऱ्याच मुलीच्या जागी बसावं लागणार होतं. सांगितलं तर शाळा जाणार होती, आणि एका आईची चार वर्षांची समजूत माझ्या हाताने मोडणार होती. दोन दिवस मी दुकानात बसून त्या फोटोची मूळ फाइल उघडत आणि बंद करत राहिलो. मग छापली. डोळे मिटून हसणारी, होती तशी.

तिसऱ्या दिवशी आम्ही दोघं परत गेलो. मी फोटो बाईंच्या टेबलावर पालथा ठेवला आणि उभ्यानेच सगळं सांगितलं. हात जोडून माफी मागितली. मुलगी माझ्या शेजारी उभी होती. बाईंनी फोटो उलटला नाही.

"मुझे पता था," त्या म्हणाल्या. "भाई जिस दिन लाया, उसी दिन. माँ हूँ, अपनी बेटी की आँखें नहीं जानूँगी? पर भाई इतना खुश था कि मैं कुछ बोल नहीं पाई."

बाई माझ्याकडे बघतच नव्हत्या, त्या मुलीशी बोलत होत्या.

"मैंने सोचा, फोटोवाले ने किसी और की लगा दी है. फिर सोचा, उसके पास तो मरे हुए लोगों के ही फोटो आते हैं. चार साल से यही लगता रहा कि दो बच्चियाँ मरी हैं और दोनों यहीं टँगी हैं. उस दिन तुम आईं, तो मैं बस देखती रही कि पलक झपकती है कि नहीं."

मुलगी रडायला लागली. बाईंनी तिला जवळ घेतलं नाही. थोडं पुढे वाकून विचारलं, "ये दाग दुखता है?"

"नहीं, मैम."

"अच्छा." मग त्यांनी खणातून तिचा त्या दिवशीचा कागद काढला. "ये मैंने कल देखा. मटके का मुँह टेढ़ा है. कपड़े की छाया उल्टी तरफ है. इस पर सीट नहीं मिलेगी. सोमवार को सबके साथ फिर बैठो, और एप्रन अपने घर से लाना."

माझ्या मुलीने डोळे पुसले आणि हो म्हटलं. इतक्या दिवसांत मी तिला इतकं हलकं झालेलं पाहिलं नव्हतं.

मग बाईंनी मी आणलेला फोटो उलटा केला. बराच वेळ बघितला. फक्त एकदा त्यांच्या तोंडावरही तसंच हसू आलं, डोळे मिटून. त्यांनी भिंतीवरची फ्रेम उतरवली, हार काढून ठेवला आणि फ्रेम माझ्यापुढे धरली.

"ये आप ले जाइए. इसमें आपकी बेटी भी है."

मी फ्रेम घेतली. मुलगी ती फ्रेम पोटाशी धरून मागे बसली, काच माझ्या पाठीकडे. घरी येईपर्यंत दोन चेहरे माझ्या मागे होते आणि आरशात बघायची माझी हिंमत झाली नाही. बायकोने फ्रेम उंबऱ्याच्या आत येऊ दिली नाही, म्हणून ती दुकानात ठेवली, भिंतीकडे तोंड करून.

सोमवारी मुलगी चाळीस मुलांत बसली. यादी लागली तेव्हा तिचं नाव शेवटून तिसरं होतं. आता ती रोज बसने जाते आणि संध्याकाळी नखांत कोळसा घेऊन येते. बाई तिच्यावर इतरांसारख्याच ओरडतात म्हणे.

फ्रेमचं काय करायचं ते मला अजून कळलेलं नाही. दुसऱ्याची मेलेली मुलगी मी घरी लावू शकत नाही, आणि माझी जिवंत मुलगी मी तलावात सोडू शकत नाही.