आभाळातल्या लिफ्टवाले काका

त्या दिवशी काका घरातून निघाले ते खोटं बोलूनच. "मी काय करणार तिथं, खुर्चीवर बसून बघणार," म्हणाले. आत्या शिलाई मशीनवर होती. मान वर न करता तिने विचारलं, "शपथ?" काका म्हणाले, "आता या वयात शपथा घेऊ होय?" आणि चपला सरकवून गेलेसुद्धा.

काका म्हणजे आत्याचे थोरले भाऊ. लग्न केलंच नाही. आत्याचा नवरा वारला तेव्हा ती भावाकडे आली ती कायमची. काका जन्मभर लिफ्ट दुरुस्त करत आले. पुढे हृदयाची झडप खराब निघाली आणि डॉक्टरने बजावलं, ऑपरेशन होईपर्यंत जिना चढायचा नाही. मग आत्याने भांडून वरची खोली सोडली आणि तळमजल्यावर घर घेतलं. ओल आलेलं, दिवसा दिवा लावायला लागायचा असलं, पण जिना नाही. काम बंद करायला लावलं. तिला एवढंच पाहिजे होतं, ऑपरेशनपर्यंत माणूस धड राहावा.

घरी बसून काका चिडचिडे झाले. नळ गळत नसला तरी खोलून बसायचे. तेवढ्यात त्यांना एक मंडळ भेटलं. मंडळ कसलं, चार डोकी. रिटायर झालेले विज्ञानाचे मास्तर, कॉलेजातल्या दोन पोरी आणि एक वेल्डर. या लोकांना आभाळाच्या बाहेर जाणारी लिफ्ट करायची होती. लांबच लांब एक पट्टी, खालचं टोक जमिनीला, वरचं टोक पार अवकाशात, तिथं वजन बांधलेलं, आणि पट्टीला धरून चढत जाणारा डबा. जगात ठिकठिकाणी अशी मंडळं आहेत म्हणे, एकमेकांना मेल करतात. तेवढी लांब आणि तेवढी चिवट पट्टी अजून कुणालाच बनवता येत नाही, हे मास्तर स्वतःच सांगायचे. मग तोवर करायचं काय? तर डबा नीट चढवायला शिकायचं.

आत्या म्हणायची, "आपल्या समोरच्या बिल्डिंगची लिफ्ट आठवड्याला बंद पडते, आणि तुम्ही निघालात चंद्रावर."

"चंद्रावर नाही गं, अलीकडेच उतरायचं."

"उतरायला स्टॉप आहे का तिथं?"

काका हसायचे. बऱ्याच दिवसांनी हसायला लागले होते, म्हणून तिने जाऊ दिलं.

मंडळाने एका बंद कारखान्याचं धुराडं मागून घेतलं होतं. आत वारा लागत नाही, वरून पट्टी सोडता येते. भिंतीला आतून लोखंडी पायऱ्या. त्या दिवशी डबा पहिल्यांदा टोकापर्यंत जायचा होता. गेलाही बराच वर. मग पट्टीला घडी पडली, ती चाकात गेली आणि डबा लटकला. पोरींनी खालून बटणं दाबून बघितली, हलेना. वेल्डर बाहेरगावी गेलेला. मास्तर म्हणाले, राहू दे, उद्या बघू. पोरी सामान गाडीत ठेवायला गेल्या, मास्तर वायर गुंडाळत बसले. त्यांनी मागे वळून बघितलं तर खुर्ची रिकामी आणि काका पायऱ्यांवर. हाका मारल्या, पण काका थांबले नाहीत. वर जाऊन त्यांनी घडी सोडवली, डबा सावकाश खाली आला. मागून काकाही उतरले. उतरले आणि खुर्चीत बसले, पाणी मागितलं. पाणी आणेपर्यंत गेले.

मास्तर घरी आले तेव्हा शर्टाला काजळी तशीच होती. आत्या रडली नाही. तिने विचारलं, "डब्यात कोण होतं?"

"कोणी नाही, ताई. रिकामा होता. एवढासा डबा, त्यात मांजर मावायचं नाही."

"मग माझा भाऊ चढला कशाला?"

मास्तर शर्टावरची काजळी झटकायला लागले.

खरं तर तिलाच ठाऊक होतं. काकांची सवयच तशी. अडकलेली लिफ्ट सोडून ते कधी घरी आले नाहीत. पुतणीच्या लग्नात भरल्या ताटावरून उठून गेले होते. आत माणूस असतो, म्हणायचे, त्याला एक एक मिनिट खायला उठतं. इतकी वर्षं माणसंच काढली, आता लटकलेला डबा दिसला की पाय आपोआप उचलला जायचा. आत कोणी नाही हे डोक्याला कळत होतं, पायांना कोण सांगणार?

मंडळ बंदच पडलं. मास्तरांना जेवण जाईना, पोरी घरी यायला घाबरायच्या. शेवटी आत्याच एका सकाळी मास्तरांकडे गेली. म्हणाली, "माझा भाऊ गेला त्याच्यापायी, आणि तुम्ही कुलूप लावून बसलात. मला एकदा बघायचंय ते काय आहे."

मग सगळे जमले. आत्याला तीच खुर्ची दिली, ती बसली नाही. धाकट्या पोरीने बटण दाबलं. डबा घुर्र करत निघाला, वर वर जात नखाएवढा झाला, आणि थांबला. पोरीने परत दाबलं. परत दाबलं. मग हात काढून घेतला.

कोणाला वर बघायचंही धाडस होईना. वेल्डर तरणाताठा गडी, त्याने हातमोजे चढवले आणि पायऱ्यांकडे वळला.

आत्याने त्याचं मनगट धरलं.

"ताई, मला काही होत नाही," तो म्हणाला. "दोन मिनिटांचं काम आहे."

"आत कोणी नाही," आत्या म्हणाली. "लटकू दे."

तिने हात सोडला नाही. मास्तरांनी मशीनची वायर काढली, पोरींनी दिवे बंद केले. सगळे बाहेर आले, मास्तरांनी दाराला कुलूप घातलं. तेव्हा कुठे तिने वेल्डरचं मनगट सोडलं, आणि तिथेच दाराबाहेर मातीत बसून ती रडली.