स्कागेनमधलं आई-बाबांचं जेवण

मंडळी, आज दुपारपासून जीव थाऱ्यावर नाही.

मालवणचे माझे आई-बाबा पहिल्यांदाच युरोप टूरवर गेलेत. डेन्मार्कच्या स्कागेनमध्ये आज त्यांची दुपार मोकळी होती. समुद्रकाठचं गाव, त्यात बाबा पक्के मासेखाऊ. म्हणून मी इथे कुवेतमध्ये बसून दोन दिवस रिव्ह्यू वाचले आणि एका हॉटेलात टेबल बुक केलं.

मीटिंगमध्ये होतो, तेव्हा बाबांचा फोन आला. "अरे, ह्यो मासो कच्चोच आसा!"

वेटरला फोन द्यायला लावून मी विचारलं, जरा तळून द्याल का? तो अदबीने म्हणाला, "सर, हा मुरवलेला असतो. असाच खातात."

मी पुन्हा मीटिंगमध्ये जाऊन बसलो.

तासाभराने विचारलं, तर बाबा म्हणाले, "फस्क्लास जेवलाव!"

मग आईने हळूच फोन केला. "नुसतो पाव खाल्लाव रे. 'झिलान दोन दिस शोधल्यान, तेका सांगू नको,' म्हणाले तुझे बाबा."

आत्ता इथे कुवेतच्या महबूला भागातल्या आमच्या घरी बायकोने तळलेलं पापलेट वाढलंय, पण मी ताट बाजूला सारून हे लिहितोय.

उद्याही ते तिथेच आहेत. तिथे तळलेला मासा कुठे मिळतो, कुणाला माहीत आहे का? आणि आईने सांगितलंय हे कळू न देता बाबांना तिथे पाठवू कसं?