कॉमन की वाइडस्प्रेड

सत्तरच्या दशकात मी नाशिकच्या एका आरोग्य कचेरीत टायपिस्ट होते, तीही हंगामी. नेमणुकीची ऑर्डर वाढली तर वाढली, नाहीतर घरी बसा. ‘साथ’ हा शब्द आमच्याकडे कुणी तोंडातून काढत नसे. साथ म्हटलं की वरून चौकशी आलीच. म्हणून उलट्या-जुलाबांच्या रिपोर्टात दरवर्षी तेच इंग्रजी वाक्य: उन्हाळ्यात हे विकार इकडे कॉमन आहेत. वरचा वाचणाराही निवांत पान उलटत असणार.

त्या सकाळी दाजी, माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, सिन्नरकडून दुधाच्या गाडीत बसून थेट कचेरीत आले. “घरटी एक तरी पडलंय. तुझी ताई डोळे उघडत नाय. औषधाची जीप पाठवा लवकर.” जीप साहेबांच्या हुकमाशिवाय हलत नसे आणि साहेब आधी कागद मागत.

मशीनवर कागद चढवला आणि तिथेच अडले. कॉमन लिहिलं तर जीप दारात उभीच राहणार. प्रीव्हेलंट म्हणजे जुनंच दुखणं, त्याची कसली घाई? रॅम्पंट, म्हणजे मोकाट सुटलेलं, लिहावं, तर साहेब म्हणणार, बाई अक्कल शिकवते, आणि ऑर्डर गेली. ताईची भीती वाटत होती आणि, खरं सांगायचं तर, नोकरीचीही. शेवटी वाइडस्प्रेड टाइप केलं आणि कागद आत साहेबांकडे नेला.

“वाइडस्प्रेड? पाहिलं कुणी?”

मी दाजींना आत बोलावलं. त्यांनी हात जोडले ते सोडलेच नाहीत.

“गावात फार पसरलंय का हो?” साहेबांनी विचारलं.

“नाय साहेब. उन्हाळ्यात व्हतंच थोडंफार. चालायचंच.”

साहेबापुढे रडगाणं गायचं नाही, एवढंच त्यांना जन्मभर शिकवलेलं. शब्द खोडायला साहेबांनी लाल पेन्सिल उचलली. मी जवळजवळ ओरडलेच, “दाजी, आज घरात चूल कुणी पेटवली?”

दाजींचे जोडलेले हात सुटले.

“कुणीच नाय,” ते म्हणाले, आणि तिथेच फरशीवर बसून रडायला लागले.

साहेबांनी ड्रायव्हरला हाक मारली. मांडीवर सलाइनचं खोकं घेऊन मीही जीपमध्ये बसले. ताई वाचली. तिच्या सासूबाईंपर्यंत मात्र आम्ही वेळेत पोचलो नाही.